एप्रिलमधल्या दीर्घिका आणि फोटोतल्या तिरप्या रेघोट्या

दुर्बिणीला कॅमेरा लावून काढलेल्या दीर्घिकांच्या फोटोत तिरप्या रेघोट्या येत असतील, तर लक्षण आधी नीट ओळखून घ्या. एकेक फ्रेम, म्हणजे एकेक सुटा फोटो, उघडून पाहिली तर सगळं ठीक असतं. तारे गोल, फोकस नेमका, मधोमध दीर्घिकेचा फिकट ठिपकाही ओळखू येतो. मग शंभर-सव्वाशे फ्रेमा स्टॅक करून (एकावर एक बसवून त्यांचं एक चित्र करून) चित्र स्ट्रेच केलं, म्हणजे फिकट भाग दिसावेत म्हणून उजळवलं, की मागच्या आकाशात बारीक, लाल-निळ्या, तिरप्या रेघोट्या उमटतात. तिफणीने पाडलेल्या तासांसारख्या, सगळ्या एकाच दिशेने. दीर्घिकेचा गाभा त्यातूनही दिसतो, पण ज्यासाठी रात्र जागलो ते फिकट हात आणि त्यांच्या बाहेरचं धुकट वलय त्या रेघोट्यांत हरवतं. नॉइज कमी करायचं सॉफ्टवेअर चालवलं तर दाणे पुसले जातात, रेघोट्या मात्र आणखी ठळक होतात.

विदर्भात ही तक्रार मार्च ते मे या काळात हमखास येते. त्याच दुर्बिणीने, त्याच कॅमेऱ्याने नोव्हेंबर-डिसेंबरात देवयानी दीर्घिका काढली, तेव्हा असं काही नव्हतं. म्हणून बरेच जण समजतात की कॅमेरा खराब झाला. काही जण एक्स्पोजर कमी पडलं असं धरून पुढच्या रात्री दुप्पट वेळ देतात. दोन्ही निदानं चुकीची आहेत. इंग्रजीत याला ‘वॉकिंग नॉइज’ म्हणतात आणि नुसता वेळ वाढवून तो जात नाही, उलट रेघोट्या आणखी लांब होतात.

हे उन्हाळ्यातच का होतं

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर काही पिक्सेल उष्णतेने आपोआप उजळतात. काही अगदी लख्ख, पण त्रास देणारे खरे ते अर्धवट गरम असलेले हजारो पिक्सेल. एका फ्रेममध्ये ते दिसतही नाहीत. सेन्सरवर त्यांची जागा पक्की असते. तारे मात्र रात्रभरात हळूहळू सरकतात, कारण माउंट (ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवणारा आधार) अगदी बिनचूक ध्रुवाकडे रोखलेला नसतो आणि दुर्बीण-कॅमेऱ्याच्या जोडणीत थोडी लवचीकता असते. स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर ताऱ्यावर तारा बसवतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम किंचित सरकवतं. तारे जागेवर बसतात आणि पक्क्या जागेवरचे गरम पिक्सेल चित्रात ओढले जातात. ती ओढ म्हणजेच रेघोटी.

आता यात विदर्भाचा भाग किती, ते पाहा. सिंह, कन्या, अरुंधतीकेश, श्यामशबल या दीर्घिकांनी भरलेल्या भागांचा मोसम नेमका मार्च ते मे. सेन्सरमधला उष्णतेचा प्रवाह साधारण दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. जानेवारीच्या रात्री सलग फोटो घेत असलेल्या कॅमेऱ्याचं तापमान १८ अंश असेल आणि एप्रिलमध्ये ते ३६ झालं, तर मधे १८ अंशांचा फरक पडतो. म्हणजे तीन वेळा दुप्पट, तोच त्रास आठपट. महागड्या खगोल-कॅमेऱ्यांत सेन्सर थंड करायची सोय असते. आपल्या जुन्या डीएसएलआरमध्ये ती नाही, म्हणून हा हिशोब आपल्यालाच सांभाळावा लागतो.

दुसरं कारण ध्रुवतारा, कारण माउंट ध्रुवाकडे रोखायचा तो त्याच्याच आधाराने. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, यवतमाळ, चंद्रपूर त्याहून थोडं खाली. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास तितकाच वर असतो. उत्तरेच्या धुऱ्यावर एखादं कडुलिंबाचं झाड असलं तरी तो झाकला जातो. शिवाय उन्हाळ्यात वावरातल्या पऱ्हाट्या पेटवलेल्या असतात, मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळलेला असतो आणि तो धूर खालच्या आकाशातच साचून राहतो. डोक्यावरचं आकाश स्वच्छ असूनही ध्रुवतारा मळकट दिसतो आणि माउंट अंदाजाने लावला जातो. सेन्सर तापलेला आणि माउंट अंदाजाचा, अशा रात्री रेघोट्या हमखास येतात.

आधी खात्री करून घ्या

हिशोबासाठी मी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं सामान धरतो: १५० मिमी व्यासाची, ७५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण, ईक्यू५ जातीचा मोटर लावलेला माउंट, सेकंडहँड कॅनन ७००डी किंवा १३००डी, आणि गाइड कॅमेरा (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणारा दुसरा छोटा कॅमेरा) नाही. या दोन्ही कॅमेऱ्यांचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. २०६ गुणिले ४.३ भागिले ७५० केलं की एका पिक्सेलमध्ये आकाशाचे १.१८ आर्कसेकंद येतात (अंशाचा साठावा भाग आर्कमिनिट, त्याचा साठावा भाग आर्कसेकंद). तुमची दुर्बीण वेगळी असेल तर तिचा आकडा घाला.

स्टॅक केलेलं चित्र बाजूला ठेवा. त्या रात्रीची पहिली आणि शेवटची रॉ फाइल उघडा, दोन्हींत ओळखू येणारा एकच तारा शोधा आणि कर्सर ठेवून त्याची जागा लिहून घ्या. समजा पहिल्या फ्रेममध्ये तो आडवा २६१०, उभा १७४४ वर होता. दोन तासांनंतरच्या शेवटच्या फ्रेममध्ये आडवा २५४८, उभा १८७१ वर आला. म्हणजे ६२ पिक्सेल डावीकडे आणि १२७ पिक्सेल खाली सरकला, एकूण तिरपं अंतर १४१ पिक्सेल. आता स्टॅकमधल्या रेघोट्यांचा तिरपेपणा पाहा. तो याच दिशेला समांतर असेल तर निदान पक्कं झालं.

याच आकड्यांतून माउंट किती चुकला त्याचा अंदाजही मिळतो. १४१ पिक्सेल म्हणजे दोन तासांत १६७ आर्कसेकंद, तासाला सुमारे ८३. ध्रुवरेषेतल्या, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्यातल्या, १ आर्कमिनिटाच्या चुकीने तारा तासाला जास्तीत जास्त १६ आर्कसेकंदांच्या आसपास सरकतो. म्हणजे इथे माउंट किमान ५ आर्कमिनिटांनी चुकला असणार. यात मोटरच्या गतीची चूकही मिसळलेली असते, म्हणून आकडा काटेकोर मानू नका. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते: ६० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारा जेमतेम सव्वा पिक्सेल सरकतो, म्हणून एकेक फ्रेम पाहताना तारे गोल दिसतात आणि माउंट व्यवस्थित लागलाय असं वाटतं.

खरा उपाय: चौकट स्वतः हलवा

माउंट अधिक अचूक लावणं चांगलंच, पण एवढ्याने काम होत नाही. समजा माउंट अगदी बिनचूक लागला आणि तारे रात्रभर त्याच पिक्सेलवर राहिले. मग गरम पिक्सेलही प्रत्येक फ्रेममध्ये आकाशातल्या त्याच जागी येतील, आणि रेघोट्यांऐवजी सगळीकडे रंगीत डाग दिसतील. दीर्घिकेचा फिकट हात आणि असा डाग यांत फरक करायला सॉफ्टवेअरकडे काही साधन उरत नाही. म्हणून दर काही फ्रेमांनंतर दुर्बीण मुद्दाम थोडी हलवायची, कधी इकडे, कधी तिकडे. याला डिदरिंग म्हणतात. मग तोच गरम पिक्सेल स्टॅकमध्ये प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी येतो, बहुतेक फ्रेमांशी त्याचं जुळत नाही आणि सॉफ्टवेअर त्याला बाद करतं. स्पष्ट सांगायचं तर, कमी खर्चातल्या दीर्घिकांच्या फोटोत या एका सवयीइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. नवा कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर आधी एक रात्र हे करून पाहा.

किती हलवायचं? मुख्य कॅमेऱ्याचे १० ते १५ पिक्सेल. १२ पिक्सेल म्हणजे वरच्या सामानावर १४ आर्कसेकंद. तुमच्या हँड कंट्रोलरवर अर्धी नाक्षत्र गती (तारे आकाशात सरकतात त्याच्या निम्मा वेग) असेल तर ती सेकंदाला ७.५ आर्कसेकंद, म्हणजे बटण दोन सेकंद दाबलं की झालं. पाच फ्रेमा झाल्या की टायमर थांबवा, बटण दाबा, १५-२० सेकंद माउंट स्थिर होऊ द्या आणि पुढच्या पाच फ्रेमा सुरू करा. सव्वाशे फ्रेमांत अशा पंचवीस वेगवेगळ्या जागा मिळतात, त्या पुरेशा आहेत. दहापेक्षा कमी जागा असल्या तर बाद करण्याचा हिशोब नीट लागत नाही.

दिशा बदलत राहा, ही अट सोडू नका. पूर्व, मग उत्तर, मग दोन वेळा पश्चिम, मग दोन वेळा दक्षिण, अशी गोल गोल वाढत जाणारी चाल ठेवली की लक्षात ठेवायला सोपं जातं. एकाच दिशेने हलवत गेलात तर स्वतःच्या हाताने नवी रेघोटी काढल्यासारखं होईल. उत्तर-दक्षिण दिशा उलटवताना गिअरमधला ढिलेपणा आडवा येतो: मोटर फिरते, दुर्बीण हलत नाही. म्हणून त्या वेळी बटण जरा जास्त वेळ दाबा आणि एक छोटी चाचणी फ्रेम घेऊन तारा खरंच हलला का ते पाहा. माउंटला एकच मोटर असेल तर दुसऱ्या अक्षाची बारीक हालचालीची मूठ अगदी किंचित फिरवा, पण दुर्बिणीला हात लागू देऊ नका.

गाइड कॅमेरा आणि लॅपटॉप असेल तर निना आणि पीएचडी २ ही मोफत सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतात. पण त्यासाठी थांबू नका. हाताने केलेलं डिदरिंगही तितकंच खरं असतं, फक्त झोप लागू द्यायची नाही.

रात्रभराच्या विजेचीही सोय लागते आणि शेतातल्या लाइनचा भरवसा नसतो. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते आणि एप्रिल-मेमध्ये तो पंप बहुतेक घरी रिकामाच पडलेला असतो. १२ व्होल्ट मागणारा माउंट त्यावर निभतो. मात्र आधी मोटरच्या डब्यावर लिहिलेले व्होल्ट वाचा. ईक्यू५ च्या काही साध्या मोटर ६ व्होल्टच्या असतात, त्यांना १२ दिले तर कंट्रोलर जळेल.

ध्रुवतारा दिसत नसेल तर

लॅपटॉप असेल तर निनामधली तीन ठिकाणच्या फोटोंवरून ध्रुवरेषा काढायची सोय वापरा. तिला ध्रुवतारा दिसण्याची गरज नसते. लॅपटॉप नसेल तर जुनी ड्रिफ्ट पद्धत आहेच. याम्योत्तर वृत्ताजवळ, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवर उंच असलेला, खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या वर आकाशात येणाऱ्या वर्तुळाच्या) जवळचा तारा घ्या आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून पाच मिनिटं पाहा. तो दक्षिणेकडे सरकत असेल तर माउंटचा अक्ष पूर्वेकडे झुकलाय, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेकडे. ते दुरुस्त झालं की पूर्वेच्या आकाशात खाली असलेला तारा घ्या: तो दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर. पडद्यावर दक्षिण कुठली हे कळत नसेल तर दुर्बीण किंचित उत्तरेकडे ढकला. तारे ज्या बाजूला पळतील ती दक्षिण. या कामाला अर्धा तास जातो, पण तेवढ्यात सामानही थंड होतं.

डार्क फ्रेमा, उन्हाळ्याच्या हिशोबाने

दुर्बिणीवर झाकण घालून, तेच आयएसओ आणि तेवढाच वेळ ठेवून घेतलेली फ्रेम म्हणजे डार्क. ती गरम पिक्सेल कुठे आहेत ते दाखवते आणि सॉफ्टवेअर ते वजा करतं. अट एकच, तापमान जुळायला हवं. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्री नऊला आणि पहाटे चारला सहा-सात अंशांचा फरक सहज पडतो. मग पहाटेच्या डार्क नऊ वाजताच्या फ्रेमांना अपुऱ्या पडतात. म्हणून सगळ्या डार्क एकदम शेवटी घेऊ नका. दहा-बारा सुरुवातीला, तितक्याच मध्यरात्री आणि तितक्याच शेवटी घ्या. कॅननच्या बऱ्याच बॉडीज प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या नोंदीत, कॅमेऱ्याचं तापमान नोंदवतात. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने ते वाचता येतं. त्यावरून कोणत्या फ्रेमांना कोणत्या डार्क लावायच्या ते ठरवा. सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डार्क तापमानानुसार कमी-जास्त करून वजा करायचा पर्याय आहे. बायस फ्रेमाही (झाकण घालून, कमीत कमी वेळ ठेवून घेतलेल्या फ्रेमा) घेतल्या असतील तर तो नक्की वापरा.

कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा. ते प्रत्येक फोटोनंतर तेवढ्याच वेळाची डार्क घेतं, म्हणजे अर्धी रात्र त्यातच जाते.

स्टॅक करताना डीपस्कायस्टॅकरमध्ये नुसतं ‘अ‍ॅव्हरेज’ निवडू नका, ते कुणालाच बाद करत नाही. कप्पा-सिग्मा क्लिपिंग निवडा. सिरिलमध्ये विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग आहे. डिदरिंग केलं आणि इथे अ‍ॅव्हरेज ठेवलं तर रेघोट्या जातील, पण त्यांच्या जागी डाग विखुरलेले राहतील. ही चूक फार लोक करतात आणि दोष डिदरिंगला देतात.

सेन्सर थंड ठेवायला

घराच्या स्लॅबवर दुर्बीण लावणं सोयीचं असतं, पण सिमेंट दिवसभर तापतं आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ऊब सोडत राहतं. त्याने कॅमेराही तापतो आणि हवाही थरथरते. मोकळ्या वावरातली माती त्यापेक्षा लवकर निवते. कॅमेऱ्याचा मागचा पडदा फिरता असेल तर तो उघडून बॉडीपासून दूर ठेवा आणि त्याचा उजेड बंद करा. लाइव्ह व्ह्यू फक्त फोकसपुरता. दोन फ्रेमांमध्ये दहा-पंधरा सेकंदांची उसंत द्या.

वस्तूची निवडही तापमान पाहून करा. सिंहेतलं त्रिकूट, म्हणजे एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ (एम आणि एनजीसी या आकाशातल्या वस्तूंच्या याद्या, पुढचा आकडा त्यांतला क्रमांक), एप्रिलच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास डोक्यावर येतं, तेव्हा उकाडा कायम असतो. त्याऐवजी सप्तर्षींतल्या मरीचीजवळची एम ५१ घ्या. ती सव्वाबाराच्या सुमारास याम्योत्तर ओलांडते, आपल्या आकाशात ६३ अंशांपर्यंत चढते आणि पुढचे तीन तास रात्र निवत जाते. तिच्या शेजारची छोटी एनजीसी ५१९५ आणि दोघींना जोडणारा हात तुलनेने उजळ आहेत. त्या छोट्या दीर्घिकेच्या पलीकडे पसरलेली धुकट झालर मात्र फार फिकी आहे. रेघोट्या गेल्या की नाही याची परीक्षा तिथेच होते. एम १०१ चा दर्शनी प्रकाश एम ५१ पेक्षा थोडा जास्त असला तरी तो मोठ्या भागावर पसरलेला आहे, म्हणून ती जास्त कठीण. सुरुवात तिच्यापासून नको. एम ८१ आणि एम ८२ आपल्याकडे ४१-४२ अंशांच्या वर जात नाहीत आणि उत्तरेच्या धुरातून पाहाव्या लागतात, त्या फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घ्या. उलट दक्षिणेची एम ८३ आणि नरतुरंगातली एनजीसी ५१२८ विदर्भातून मिळतात. युरोपातल्या बहुतेक हौशी लोकांना ही दुसरी मिळतच नाही. तेव्हा दक्षिण मोकळी असेल तर ती संधी सोडू नका.

दिसायला तसंच, पण दुखणं वेगळं

रेघा तिरप्या नसून अगदी आडव्या किंवा उभ्या, सेन्सरच्या कडेला समांतर असतील तर ते कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्समधलं बँडिंग आहे. सिरिलमध्ये कॅननचं बँडिंग कमी करायची वेगळी सोय आहे. गोल कड्यांसारखे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही. कोपरे काळवंडणं म्हणजे दुर्बिणीतून कडेला कमी प्रकाश पोचणं. या दोन्हींवर फ्लॅट फ्रेमा, म्हणजे एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेमा, हाच इलाज. पांढरं धुतलेलं बनियन दुर्बिणीच्या तोंडावर ताणून, उजाडताना आकाशाकडे रोखून घ्या. कॅमेरा काढायचा नाही, फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही. चित्राची एक बाजू उजळ असेल तर चौकातला हायमास्ट किंवा चंद्र. ग्रॅक्सपर्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर उजेडाचा तो उतार चांगला काढतं, पण मागच्या आकाशाचा नमुना घेणारा ठिपका दीर्घिकेवर पडू देऊ नका, नाहीतर तिची झालरही उताराबरोबर जाईल.

आधी घेतलेल्या फ्रेमांचं काय

त्या फेकू नका. जुन्या फ्रेमा त्याच तापमानाच्या डार्क घेऊन पुन्हा स्टॅक करा. जुळणारी रात्र आता मिळणार नसेल तर एखाद्या उकाड्याच्या रात्री कॅमेरा झाकण लावून ओसरीवर ठेवा आणि जुन्या फाइलींच्या एक्झिफमध्ये जे तापमान आहे तेवढं झालं की डार्क घ्या. सोबत सॉफ्टवेअरमधलं गरम पिक्सेल दुरुस्त करायचं काम चालू ठेवा. रेघोट्या पूर्ण जाणार नाहीत, पण पुष्कळ फिक्या होतील. पुढच्या रात्री तीच दीर्घिका डिदरिंग करून घ्या, शक्य तर कॅमेरा थोडा फिरवून, आणि दोन्ही रात्रींच्या फ्रेमा, प्रत्येकीला आपापल्या डार्क आणि फ्लॅट लावून, एकत्र स्टॅक करा. नव्या फ्रेमा जुन्यांच्या निदान दीडपट असू द्या. एवढं करूनही जुन्यांमुळे रेघोट्या डोकावत असतील, तर त्यांतल्या पहिल्या तासाच्या, सर्वांत गरम फ्रेमा वगळून पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.